विद्यार्थ्यांची सर्जनशीलता आणि स्व-निवेदन प्रश्नावल्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एड. आणि पीएच.डी.चे विद्यार्थी, तसेच शाळेत एखादा उपक्रम राबवून त्याचा परिणाम मोजू पाहणारे शिक्षक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तिथेच बहुतेक संशोधने अडखळतात.

स्व-निवेदन प्रश्नावली आणि सर्जनशीलता चाचणी यांत फरक काय?

चाचणीत विद्यार्थ्याला काहीतरी करून दाखवावे लागते. ‘सायकलच्या जुन्या टायरचे जितके सुचतील तितके उपयोग लिहा’ असे सांगितले, की त्याने काय लिहिले हे आपल्यासमोर असते, आणि त्यावरून प्रवाहिता (किती कल्पना), लवचिकता (किती प्रकारच्या), मौलिकता (किती वेगळ्या), विस्तार (किती तपशिलात) यांचे गुण देता येतात. एलिस पॉल टॉरन्स यांच्या १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्या आणि आपल्याकडे एम.एड.च्या प्रबंधांत सर्रास दिसणाऱ्या बाकर मेहदी यांच्या शाब्दिक व अशाब्दिक चाचण्या या प्रकारच्या आहेत. स्व-निवेदन प्रश्नावलीत विद्यार्थी काही करत नाही; तो स्वतःविषयी सांगतो. ‘मला नवनवीन कल्पना सुचतात’ या विधानापुढे तो ‘नेहमी’वर खूण करतो, तेव्हा आपल्या हाती कल्पना येत नाही, त्याचे स्वतःबद्दलचे मत येते. हा फरक सगळ्यांना माहीत असतो, तरी प्रबंधाच्या निष्कर्षापर्यंत पोहोचता पोहोचता तो हरवतो, आणि ‘विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या सर्जनशीलतेविषयीच्या मतांत वाढ झाली’ याऐवजी ‘विद्यार्थ्यांची सर्जनशीलता वाढली’ असे वाक्य छापले जाते.

अमुक प्रश्नावली सप्रमाण आहे का, याचे सरळ हो किंवा नाही असे उत्तर का मिळत नाही?

कारण सप्रमाणता (काही पुस्तके तिला वैधता म्हणतात) हा प्रश्नावलीच्या कागदाला चिकटलेला गुण नाही. गुणांवरून आपण जो अर्थ काढतो आणि त्या अर्थाचा जो वापर करतो, त्याला किती पुरावा आहे, असा तो प्रश्न आहे. ली क्रॉनबॅक आणि पॉल मील यांनी १९५५ साली संकल्पनात्मक सप्रमाणतेची (म्हणजे थेट न दिसणारी संकल्पना गुणांतून खरोखर मोजली जाते का, याची) मांडणी केली तेव्हापासून विचार याच दिशेने सरकत गेला, आणि मानसशास्त्रीय व शैक्षणिक चाचण्यांसाठीच्या अमेरिकी मानकांच्या २०१४च्या आवृत्तीतही सप्रमाणता गुणांच्या अर्थनिर्णयनाशीच जोडलेली आहे. म्हणून ‘सातवीच्या मुलांना स्वतःच्या कल्पकतेवर किती विश्वास आहे’ हे पाहण्यासाठी जी प्रश्नावली उत्तम ठरते, तीच ‘कल्पक मुले निवडून विज्ञान मेळाव्याला पाठवायची आहेत’ या कामासाठी निरुपयोगी ठरू शकते. विधाने तीच, गुणही तेच. बदललेला असतो तो त्यांच्यावरून केलेला दावा.

‘साधन तज्ज्ञांना दाखवून त्याची सप्रमाणता निश्चित केली’ हे प्रबंधातले ठरलेले वाक्य त्यामुळे फार थोडे सांगते. पाच प्राध्यापकांनी विधाने वाचून मान डोलावली, तर आशयाबाबत एक प्राथमिक पुरावा मिळतो. मुले ती विधाने कशी वाचतात, हे त्या पाच जणांना ठाऊक असतेच असे नाही.

माझ्या प्रश्नावलीचा क्रॉनबॅक अल्फा ०.९० आला आहे. आणखी काय हवे?

अल्फा विश्वसनीयतेच्या एका अंगाबद्दल, म्हणजे विधाने एकमेकांशी किती सुसंगत आहेत याबद्दल बोलतो. विधाने कशाविषयी सुसंगत आहेत, हे त्याला कळत नाही. शिवाय तो विधानांच्या संख्येवरही अवलंबून असतो. समजा, विधानांतील सरासरी परस्पर सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबतीने बदलतात याचे माप; ० म्हणजे मुळीच नाही, १ म्हणजे पूर्णपणे) अवघा ०.३० आहे. अशी १० विधाने घेतली तर अल्फा साधारण ०.८१ येतो आणि २० घेतली तर तो ०.९०च्या जवळ जातो. एकच गोष्ट शब्द फिरवून वीस वेळा विचारली तर आकडा देखणा होणारच. मुलांना आपण ‘मी हुशार आहे’, ‘मला छान सुचते’, ‘माझ्या कल्पना इतरांना आवडतात’ असे विचारत राहिलो आणि प्रत्यक्षात केवळ त्यांचा आत्मविश्वास मोजत राहिलो, तरी अल्फा तितकाच छान येईल.

मुलांचे स्वतःबद्दलचे मत आणि त्यांचे प्रत्यक्ष काम किती जुळते?

जुळते, पण थोडेच. सर्जनशीलतेविषयीच्या आत्मविश्वासाचा सर्जनशीलतेच्या विविध मापनांशी काय संबंध आहे, हे हासे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८च्या एका महाविश्लेषणात, म्हणजे अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून, तपासले. सर्व मापने एकत्र धरता सहसंबंध ०.३९ आला. मात्र दुसरे मापनही स्व-निवेदनच होते तिथे तो ०.५३ होता, आणि दुसरे मापन अपसारी विचाराची (टायरच्या उपयोगांसारखी, एका प्रश्नाची अनेक उत्तरे शोधायला लावणारी) चाचणी होती तिथे ०.२३. वर्ग केला तर ०.२३ म्हणजे जेमतेम ५ टक्के समान विचरण (मुलामुलांतील फरकाचा दोन्ही मापनांत सामाईक असलेला भाग). हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले, की संशोधकाला सावध करणारी गोष्ट आपोआप दिसते. एकाच मुलाने, एकाच बाकावर, एकाच पेनने, एकामागून एक भरलेल्या दोन प्रश्नावल्या एकमेकींशी जुळतात, त्यातला काही भाग पद्धत समान असल्यामुळे आलेला असतो. डोनाल्ड कॅम्पबेल आणि डोनाल्ड फिस्क यांनी १९५९ मध्येच, गुणधर्म आणि पद्धत यांचे परिणाम वेगळे करून पाहण्याची बहुगुण-बहुपद्धती सारणी सुचवली होती. आपल्या प्रबंधांत ती क्वचितच भेटते.

पण इथे दुसऱ्या बाजूनेही घाई नको. ०.२३ या आकड्यावरून ‘मुलांना स्वतःबद्दल काहीच कळत नाही’ असा निष्कर्ष काढायला अपसारी विचाराची चाचणी म्हणजेच खरी सर्जनशीलता, असे आधी मानावे लागेल, आणि ते मानता येत नाही. टायरचे उपयोग पटापट लिहिणारी मुलगी आणि रांगोळीत स्वतःची नक्षी शोधणारी मुलगी या दोन वेगळ्या मुली असू शकतात. त्या चाचण्यांतही जो जास्त उत्तरे लिहितो त्याला मौलिकतेचे गुणही जास्त मिळतात, ही जुनी तक्रार आहेच. कमी सहसंबंधाचा दोष नेमका कोणत्या मापनाचा, हे केवळ त्या आकड्यावरून ठरत नाही.

मुले प्रश्नावलीत खोटे लिहितात का?

जाणूनबुजून खोटे फारच कमी मुले लिहितात. चूक वेगळ्या वाटांनी शिरते, आणि त्यातली पहिली वाट म्हणजे परीक्षा. छापील कागद, वर नाव आणि हजेरी क्रमांक, समोर उभे असलेले सर. एवढे जुळून आले की तिसऱ्या मिनिटाला हात वर होतो : ‘सर, यात बरोबर उत्तर कोणतं?’ ‘यात बरोबर-चूक काही नसतं’ असे कितीही सांगितले तरी पुढच्या बाकावरचे पाहून खूण बदलणारी मुले मी स्वतः पाहिली आहेत. उलट, आपल्याच तोंडाने आपली टिमकी वाजवू नये असे घरी शिकवलेली मुले ‘नेहमी’ या रकान्याकडे फिरकत नाहीत. दोन्ही टोकांना सामाजिक इष्टतेचा, म्हणजे लोकांना चांगले वाटेल तेच उत्तर देण्याचा, परिणामच म्हणायचे. फक्त एका घरात इष्ट काय आणि दुसऱ्या घरात काय, हे वेगळे असते.

दुसरी वाट तुलनेची. ‘मी कल्पक आहे’ याचे उत्तर देताना मूल मनात कोणाशी तरी तुलना करते, आणि तो कोणी बहुधा वर्गातलाच असतो. हर्बर्ट मार्श यांनी शालेय स्व-संकल्पनेबाबत दाखवलेला परिणाम असा, की सारख्याच क्षमतेचे मूल हुशार मुलांच्या शाळेत स्वतःला कमी लेखते आणि सामान्य शाळेत जास्त. त्यामुळे दोन शाळांच्या प्रश्नावलीतील सरासऱ्या थेट शेजारी मांडून ‘या शाळेतील विद्यार्थी अधिक सर्जनशील’ म्हणणे धोक्याचे आहे.

तिसरी वाट शब्दांच्या अर्थाची, आणि माझ्या मते हीच सर्वांत दुर्लक्षित आहे. एका तालुक्याच्या गावी आठवीच्या वर्गात एका मुलाने ‘मला नवीन वस्तू तयार करायला सुचते’ यापुढे ‘क्वचित’वर खूण केली होती. याच मुलाने ज्वारीवर बसणारी पाखरे उडवायला प्लास्टिकच्या बाटलीची पाती कापून, वाऱ्यावर फिरून पत्र्याच्या डब्यावर टणटण वाजणारे एक यंत्र बनवून शेतात उभे केले होते, हे मला त्याच्या वर्गमित्रांनी सांगितले. मी त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘ते जुगाड हाय सर. वस्तू म्हंजी दुकानात मिळते ती.’ त्याने खोटे लिहिले नव्हते, लाजूनही लिहिले नव्हते. विधानातल्या ‘वस्तू’ या शब्दात त्याचे काम बसत नव्हते, एवढेच.

हे आधीच कसे ओळखता येईल?

प्रश्नावली छापण्यापूर्वी आठ-दहा मुलांसोबत एकेकटे बसून. प्रत्येक विधान त्यांना मोठ्याने वाचायला सांगावे, ते स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावे, आणि ‘हीच खूण का केलीस?’ असे विचारावे. अर्ध्या दिवसाचे काम आहे. उत्तर देण्याच्या प्रक्रियेबद्दलचा हा पुरावा कोणत्याही सांख्यिकी सूत्रातून मिळत नाही.

कोणत्या प्रश्नावल्या उपलब्ध आहेत, आणि शालेय विद्यार्थ्यांना कोणती चालेल?

त्या एकच गोष्ट मोजत नाहीत, हे आधी लक्षात घ्यावे. मॅचेय कार्व्होव्स्की यांची सर्जनशील स्व-विषयक लघुश्रेणी ११ विधानांची असून ती सर्जनशीलतेबाबतचा आत्मविश्वास आणि ‘सर्जनशील असणे ही माझी ओळख आहे’ ही भावना, असे दोन घटक मोजते. मार्क रन्को आणि सहकाऱ्यांची २००१ची २३ विधानांची श्रेणी कल्पना सुचण्याच्या रोजच्या वर्तनाविषयी विचारते. जेम्स कॉफमन यांची २०१२ची ५० विधानांची श्रेणी दैनंदिन, विद्वत्तापर, सादरीकरणात्मक, यांत्रिक-वैज्ञानिक आणि कलाविषयक अशी पाच क्षेत्रे वेगळी ठेवते. हा तिचा मोठा गुण. कारण गणितात नवी वाट शोधणारी मुलगी गाण्यात स्वतःला शून्य देईल आणि दोन्हींची बेरीज करून आपण तिला ‘मध्यम’ ठरवू.

शेली कार्सन आणि सहकाऱ्यांची २००५ची सर्जनशील कामगिरीची प्रश्नावली दहा क्षेत्रांतील ठोस यश विचारते : काम प्रकाशित झाले का, त्याची जाहीर दखल घेतली गेली का, इत्यादी. मते न विचारता घडलेल्या गोष्टी विचारणे हे तिचे बळ आहे; पण प्रौढांतही बहुतेकांचे गुण शून्याजवळ जमा होतात, मग आठवीच्या वर्गाचे काय सांगावे? मुलांसाठी घडलेल्या गोष्टी विचारायच्याच असतील, तर मार्क बेटी यांच्या ३४ विधानांच्या हो-नाही यादीसारखा मार्ग बरा : गेल्या वर्षभरात तू अमुक केलेस का? आपल्या मुलांसाठी ती यादी नव्याने करावी लागेल, आणि तिच्यात आकाशकंदील, किल्ला, पथनाट्य, मोडलेला पंखा दुरुस्त करणे हे सगळे यावे.

एक साधन मात्र जसेच्या तसे वर्गात नेऊ नये. हॅरिसन गॉफ यांची १९७९ची सर्जनशील व्यक्तिमत्त्व श्रेणी ३० विशेषणांची आहे. त्यातल्या १८ विशेषणांवर खूण केली तर गुण वाढतात आणि १२ विशेषणांवर केली तर कमी होतात. कमी करणाऱ्या विशेषणांत ‘प्रामाणिक’ आणि ‘शिष्टाचार पाळणारा’ ही आहेत, तर वाढवणाऱ्यांत ‘अहंमन्य’ आहे. फळ्यावर रोज सुविचार लिहिणाऱ्या शाळेतली मुले ‘प्रामाणिक’वर खूण करणारच, आणि त्यासाठी आपण त्यांच्या सर्जनशीलतेचा एक गुण कापणार! (त्या यादीतले आणखी एक विशेषण असे आहे, की ते सातवीच्या वर्गात वाचून दाखवण्याची हिंमत कोणत्याही बाई करणार नाहीत.)

इंग्रजी प्रश्नावलीचे मराठी भाषांतर करून वापरली तर चालेल का?

मूळ कर्त्याची परवानगी घेऊन, भाषांतर आणि प्रतिभाषांतर (मराठीचे पुन्हा इंग्रजी) करून, मग मराठी नमुन्यावर घटक विश्लेषण (कोणती विधाने एकत्र गटात येतात, याची सांख्यिकी तपासणी) पुन्हा करून वापरता येते. मूळ इंग्रजी प्रश्नावलीची सप्रमाणता मराठी आवृत्तीला वारसाहक्काने मिळत नाही. हे सगळे पुस्तकी नियम झाले. मराठीत खरी अडचण कुठे येते, ते थोडे तपशिलाने पाहू.

पहिली अडचण क्रियापदाची. इंग्रजीत प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नसते. मराठीत ‘मी वेगळ्या पद्धतीने करून पाहतो’ असे लिहिले की वर्गातल्या मुली पहिल्याच ओळीत बाहेर राहतात. ‘पाहतो/पाहते’ असा तिरका दंड टाकला तर चाळीस विधानांत चाळीस वेळा वाचन अडखळते. म्हणून भाषांतरकार हळूच ‘मला’कडे वळतो : मला सुचते, मला जमते, मला आवडते. वाक्य सुटसुटीत होते, पण अर्थ सरकतो. ‘करून पाहतो’ हे वर्तन आहे, ‘करून पाहायला आवडते’ ही आवड आहे आणि ‘जमते’ हे क्षमतेचे मत आहे. वर्तन मोजणारी श्रेणी अशा रीतीने कोणाच्याही लक्षात न येता आवडीची श्रेणी बनते. यापेक्षा मुलांसाठी आणि मुलींसाठी दोन वेगळ्या प्रती छापाव्यात. खर्च नगण्य आहे. भूतकाळ वापरणे हाही एक मार्ग आहे : ‘या महिन्यात मी एखादी गोष्ट वेगळ्या पद्धतीने करून पाहिली’ यात क्रियापद कर्त्याचे लिंग घेत नाही आणि वर्तनही शाबूत राहते.

दुसरी अडचण उत्तराच्या श्रेणीची. ‘नेहमी, बहुधा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही’ ही पंचबिंदू श्रेणी आपण डोळे मिटून वापरतो. पण ‘बहुधा’ म्हणजे बहुतेक वेळा, तसेच बहुधा म्हणजे ‘असेलही’. ‘बहुधा उद्या सुट्टी आहे’ म्हणणारे मूल वारंवारता सांगत नसते, अंदाज सांगत असते. ‘बहुतेक वेळा’ असे स्पष्ट लिहावे. त्याहून बरे म्हणजे ‘आठवड्यातून तीन-चारदा’ असे मोजता येणारे पर्याय द्यावेत.

तिसरी अडचण खुद्द ‘सर्जनशील’ या शब्दाची. हा शब्द वर्गात किंवा घरात कोणी बोलत नाही. मुलांना अर्थ विचारला तर उत्तर येते चित्रकला, हस्तकला, फार तर ‘क्रिएटिव्ह’, आणि त्याचाही अर्थ पुन्हा रंगीत कागद आणि चमकी. ‘मी सर्जनशील आहे’ हे विधान त्यामुळे चित्रकलेच्या तासाविषयीचे विधान ठरते. बोलीतले ‘डोकॅलिटी’, ‘शक्कल’, ‘भन्नाट कल्पना’ हे शब्द मुलांच्या अधिक जवळचे आहेत. पण ‘शक्कल’ला खोडीचा वास आहे, हेही विसरू नये. आणि इंग्रजीतल्या ‘वाइल्ड’ कल्पनांचे भाषांतर ‘रानटी कल्पना’ असे केलेली एक प्रश्नावली माझ्यापर्यंत आली होती. त्या विधानाला जवळजवळ सर्व मुलांनी ‘कधीच नाही’ असे उत्तर दिले होते, यात नवल काय?

उत्तरे तपासण्यासाठी नकारार्थी विधाने घालावीत का?

शालेय मुलांसाठी शक्यतो घालू नयेत. ‘मला नवीन कल्पना सुचत नाहीत’ यापुढे ‘कधीच नाही’ हा पर्याय आला, की नकाराला नकार जोडून होकार तयार करण्याची कसरत मुलाला करावी लागते. त्यात वाचनक्षमता मोजली जाते. मग घटक विश्लेषणात नकारार्थी विधानांचा एक वेगळाच घटक निघतो आणि संशोधक त्याला ‘सर्जनशीलतेचा अभाव’ असे भारदस्त नाव देतो.

शिक्षकांनी केलेले पदनिश्चयन (प्रत्येक मुलाला श्रेणीवर दिलेले गुण) अधिक विश्वासार्ह नाही का?

ते वेगळ्या प्रकारे चुकते. १९९५ मध्ये वेस्टबी आणि डॉसन यांनी दाखवले, की प्राथमिक शिक्षक सर्जनशील मुले आवडतात असे सांगतात, पण त्यांच्या आवडत्या विद्यार्थ्यांची गुणवैशिष्ट्ये सर्जनशील मुलाच्या प्रतिमेशी उलट दिशेने जुळतात. वही नीट, अक्षर वळणदार आणि उत्तर लगेच, अशा मुलाला सगळ्याच रकान्यांत चांगले गुण पडतात.

उपक्रमाआधी आणि नंतर हीच प्रश्नावली देऊन वाढ मोजता येईल का?

इथे मी सरळ ‘टाळा’ असे म्हणेन. सहा आठवडे मुलांना ‘वेगळा विचार करा’ असे सांगितल्यावर ‘मी वेगळा विचार करतो’ यापुढे त्यांनी ‘नेहमी’ लिहिले, तर ते शिकवलेला धडा परत म्हणत आहेत. उलटेही घडते, आणि ते अधिक रंजक आहे : उपक्रमात खरोखर काही शिकलेले मूल स्वतःला आधीपेक्षा कमी गुण देते, कारण वेगळा विचार म्हणजे काय हे त्याला आता कुठे कळलेले असते. मापनाची पट्टीच त्याच्या मनात बदललेली असते. तिथे गुण घटणे हे उपक्रमाचे यशही असू शकते, पण ‘टी’ मूल्याच्या (दोन सरासऱ्यांतील फरक तपासणाऱ्या) तक्त्यात ते अपयश म्हणून नोंदले जाते. पूर्व-उत्तर तुलना करायचीच असेल तर मुलांच्या प्रत्यक्ष कामाची करावी आणि तुलनेसाठी नियंत्रित गट ठेवावा.

मग प्रत्यक्ष काम मोजायचे कसे? तेही व्यक्तिनिष्ठच होणार ना?

टेरेसा अमाबिले यांनी १९८२ मध्ये मांडलेली सहमतीवर आधारित मूल्यमापन पद्धत यासाठी उपयोगी आहे आणि ती आपल्या शाळेत सहज बसते. सर्व मुलांना एकाच गोष्टीची सुरुवात द्यावी : ‘एसटी घाटात बंद पडली आणि कंडक्टर खाली उतरला…’ पुढची गोष्ट त्यांनी वीस मिनिटांत लिहावी. नावे झाकून, अक्षराचा प्रभाव पडू नये म्हणून शक्य तर टाइप करून घेऊन, त्या विषयाची जाण असलेल्या तिघा-चौघा शिक्षकांना त्या गोष्टी वेगवेगळ्या क्रमाने द्याव्यात. प्रत्येकाने एकट्याने, इतर गोष्टींच्या तुलनेत, सर्जनशीलतेसाठी गुण द्यावेत. व्याख्या आधी ठरवून द्यायची नाही, आपसांत चर्चाही करायची नाही. परीक्षकांचे गुण एकमेकांशी पुरेसे जुळले, तर त्यांच्या सरासरीला अर्थ आहे. ही पद्धत वेळखाऊ आहे, आणि गोष्टीतले गुण विज्ञानाच्या प्रकल्पाला लागू होत नाहीत. दोन्ही मर्यादा मान्य करूनच ती वापरायची. ओईसीडी या देशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२२च्या पिसा मूल्यमापनातही १५ वर्षांच्या मुलांचा सर्जनशील विचार त्यांनी सोडवलेल्या कृतींवरूनच मोजला गेला (६०पैकी सिंगापूर ४१, ओईसीडी सरासरी ३३). मुलांची स्वतःबद्दलची मते प्रश्नावलीतून वेगळी घेतली. भारत त्या फेरीत सहभागी नव्हता.

समग्र प्रगती पत्रकात (गुणांपलीकडे विद्यार्थ्याची सर्वांगीण प्रगती नोंदवणाऱ्या पत्रकात) विद्यार्थ्याचे स्व-मूल्यांकन असते. त्यालाही हेच आक्षेप लागू होतात का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये शिक्षकांच्या मूल्यमापनासोबत स्व-मूल्यांकन आणि सहाध्यायी मूल्यांकन यांचा समावेश सुचवला आहे. मूल स्वतःकडे कसे पाहते हे शिक्षकाला कळावे आणि त्यावर दोघांचे बोलणे व्हावे, एवढाच हेतू असेल तर स्व-निवेदन हे अगदी योग्य साधन आहे, कारण तिथे मोजायचे आहे तेच मोजले जाते. ‘क्वचित’ लिहिणाऱ्या त्या मुलाला ‘शेतात काय बनवलंस?’ असे विचारण्याची संधी अशाच पत्रकातून मिळते. पण त्याच खुणांची बेरीज करून वर्गाची क्रमवारी लावली, किंवा शाळांची तुलना केली, की वरचे सगळे आक्षेप एकदम लागू होतात. शिवाय पुढच्या वर्षी कोणती खूण केली की फायदा होतो, हे मुलांना आणि पालकांना ठाऊक झालेले असते.